डाव्या हातातला दांडा : हेलिकॉप्टरमधील दोन नियंत्रणे एक कशी झाली?

१/ ११ एप्रिल २०१९ आणि १९ एप्रिल २०२४. गडचिरोली-चिमूर मतदारसंघातील लोकसभेच्या मतदानाचे हे दोन दिवस. दोन्ही वेळी जिल्ह्यातील दुर्गम केंद्रांकडे मतदान पथके हेलिकॉप्टरने रवाना झाली. आरमोरीत वाढलेल्या आम्हा मुलांसाठी तो आवाज म्हणजे अंगणात धावत येण्याची हाक असे. आजचा धागा त्या हेलिकॉप्टरमधील एका साध्या वस्तूविषयी आहे : वैमानिकाच्या डाव्या हातातील दांडा.

२/ प्रथम अडचण समजून घेऊ. हेलिकॉप्टर वर न्यायचे तर मुख्य पंख्याच्या सर्व पात्यांचा कोन एकाच वेळी वाढवावा लागतो. कोन वाढला की पाती अधिक हवा खाली ढकलतात. पण त्यांना होणारा हवेचा विरोधही वाढतो आणि पंख्याची गती मंदावू लागते. गती टिकवायची तर त्याच क्षणी इंजिनाला अधिक इंधन द्यावे लागते. खाली उतरताना नेमके उलट.

३/ म्हणजे कामे दोन, पण ती एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत. शिवाय उजवा हात दिशा देणाऱ्या दांड्यावर आणि दोन्ही पाय शेपटीचा पंखा सांभाळणाऱ्या पायट्यांवर गुंतलेले. मोकळा राहतो तो केवळ डावा हात. दोन कामांना हात एकच, हीच या इतिहासाची सुरुवात.

४/ ही अडचण विमानांनाही होती. १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेल्या राइट बंधूंच्या विमानात वैमानिक पालथा झोपत असे. कमरेखालचा पाळणा डावी-उजवीकडे सरकवला की पंखांना पीळ बसे आणि मागचे सुकाणूही त्याबरोबर वळे. दोन क्रिया एका हालचालीत बांधलेल्या होत्या.

५/ परंतु वळणे घेताना त्या जोडणीच्या मर्यादा दिसू लागल्या. १९०५ च्या विमानात राइट बंधूंनी सुकाणूचे नियंत्रण वेगळे केले. ही नोंद लक्षात ठेवावी. नियंत्रणे एकत्र करणे म्हणजे नेहमीच प्रगती, असे नाही. जे जोडले, ते गरज पडल्यास सोडवताही आले पाहिजे.

६/ पुढे फ्रान्समध्ये रोबेर एस्नो-पेल्तेरी यांनी १९०७ च्या सुमारास एकाच उभ्या दांड्याची कल्पना मांडली : पुढे-मागे केला की विमानाचे नाक खाली-वर, बाजूंना झुकवला की विमान त्या बाजूला कलते. आपल्याकडील नांगराचे रुमणे आठवा. त्यावरील दाब तासाची खोली ठरवतो आणि कल त्याची दिशा. हात एकच, आज्ञा दोन.

७/ दुसऱ्या महायुद्धात जोडणीने आणखी एक पायरी ओलांडली. जर्मनीच्या फॉक-वुल्फ १९० या लढाऊ विमानातील बीएमडब्ल्यू ८०१ इंजिनावर एक यांत्रिक नियंत्रक होता. वैमानिक एकच दांडा पुढे सरकवी. इंधनाचे मिश्रण, पंख्याच्या पात्यांचा कोन, ठिणगीची वेळ हे सारे तो नियंत्रक ठरवी. २३ जून १९४२ रोजी एक जर्मन वैमानिक वाट चुकून वेल्समधील पेम्ब्रे येथील ब्रिटिश तळावरच उतरला आणि असे एक विमान ब्रिटिशांच्या हाती धडधाकट लागले.

८/ आता हेलिकॉप्टरकडे. सिकॉर्स्की यांच्या आर-४ मध्ये डाव्या हाताचा दांडा वर उचलला की सर्व पात्यांचा कोन वाढे आणि त्याच दांड्याच्या टोकाला मोटारसायकलसारखी फिरती मूठ होती. उचलणे म्हणजे कोन, पिळणे म्हणजे इंधन. दोन्ही कामे एका पंजात आली. पण त्यांचा मेळ पुष्कळसा वैमानिकालाच साधावा लागे. पंख्याच्या गतीचा काटा घसरला की मूठ पिळायची, फार चढला की सैल करायची.

९/ या दांड्याची परीक्षा झाली ती आपल्या शेजारी. एप्रिल १९४४. ब्रह्मदेशातील जपानी फौजांच्या पिछाडीस एक लहान विमान कोसळले होते. त्यात वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक. आसाममधील लालाघाट तळावरून लेफ्टनंट कार्टर हार्मन आर-४ घेऊन निघाले. सुमारे १८० अश्वशक्तीचे ते इंजिन त्या उष्ण, दमट हवेत एका खेपेस एकच माणूस उचलू शकत होते.

१०/ हार्मन यांनी एकेकाला उचलून नदीकाठच्या वाळूवर आणले. तेथून लहान विमानांनी त्यांना नेले. इंजिन तापल्यामुळे काम दोन दिवस चालले, पण चौघेही वाचले. युद्धभूमीवरील हेलिकॉप्टरद्वारे झालेली ही पहिली सुटका मानली जाते. तापलेली हवा विरळ असते. पात्यांना धरायला कमी हवा मिळते आणि इंजिनही दमते. दांडा तोच राहतो, त्याला मिळणारा प्रतिसाद मात्र घटतो.

११/ आता पुन्हा गडचिरोली. वायुसेनेचे एमआय-१७ हे १९६० च्या दशकातील सोव्हिएत एमआय-८ चे वंशज. पाच पात्यांचा, २१ मीटरहून अधिक व्यासाचा पंखा. कमाल उड्डाण वजन १३,००० किलो. त्याच्या डाव्या दांड्याचे रशियन नावच बोलके आहे : ‘शाग-गाझ’. शाग म्हणजे पात्यांचा कोन, गाझ म्हणजे इंधन. दांडा उचलला की दोन्ही इंजिनांची शक्ती आपोआप वाढते आणि नियामक यंत्रणा पंख्याची गती स्थिर ठेवते. हार्मन यांच्या मनगटाचे काम यंत्राने उचलले.

१२/ तरीही दांड्यावरची फिरती मूठ गेली नाही आणि प्रत्येक इंजिनाचे स्वतंत्र दांडेही बाजूला राहिले. एखादे इंजिन बिघडले तर जोडलेले पुन्हा सोडवता यावे, यासाठी. १९०५ चा धडा इथेही कामी आला.

१३/ आणि एक गोष्ट यंत्राने कधीच उचलली नाही. एप्रिलच्या उन्हात, भरलेल्या हेलिकॉप्टरमध्ये, झाडांनी वेढलेल्या मोकळ्या जागेतून वर चढताना इंजिनांची शक्ती संपली, तरी दांडा आणखी वर खेचता येतो. तो अडत नाही. मात्र त्यानंतर उंची मिळत नाही. पंख्याची गती घसरते आणि हेलिकॉप्टर खाली बसू लागते. कुठे थांबायचे, किती वजन खाली ठेवायचे, हे हातालाच ठाऊक असावे लागते.

१४/ म्हणून नियंत्रणांच्या एकत्रीकरणाचा इतिहास हा केवळ सोयीचा इतिहास नाही. कोणते काम यंत्राकडे सोपवायचे आणि कोणता निर्णय माणसाकडे ठेवायचा, याच्या वाटणीचा तो इतिहास आहे. पुढच्या निवडणुकीत आपल्या आकाशात तो आवाज घुमेल, तेव्हा आतील मतदान यंत्रे आणि कर्मचारी यांच्याइतकाच तो डावा हातही आठवावा.