सार्वजनिक प्रवास, सातारा–सांगली परिसरातील

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे १९,००० चौ. किमी. असून ते यूरोपातील स्लोव्हेनिया या देशाच्या क्षेत्रफळाहून थोडेसेच कमी आहे. यूरोपातील छोट्या देशांत हिंडणाऱ्या प्रवाशाला काही तासांत दोन-तीन राजवटींच्या हद्दी ओलांडाव्या लागत. कृष्णाकाठच्या प्रवाशालाही १९४८ पर्यंत हा अनुभव घरबसल्या येई. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर ब्रिटिश मुलखाच्या शेजारी औंध, फलटण व जत ही संस्थाने राहिली. दक्षिणेस पटवर्धनांची सांगली व मिरज (थोरली व धाकटी पाती) ही होती. यांपैकी अनेकांचा मुलूख सलग नव्हता. सांगली संस्थानचे एक टोक मंगळवेढ्यास, तर दुसरे गदगजवळच्या शिरहट्टीस होते. औंधकरांचे कुंडल व आटपाडी हे भाग राजधानीपासून तुटलेले होते. राजाला आपल्याच प्रजेकडे जाताना दुसऱ्याच्या हद्दीतून जावे लागे, तेथे सामान्य वाटसरूची कथा काय?

रेल्वेपूर्व काळातील रस्त्यांपैकी सातारा–महाबळेश्वर रस्त्याचे श्रेय छत्रपती प्रतापसिंह यांच्या कारकीर्दीस द्यावे लागते. तथापि ठरावीक वेळेला सुटणारे, भाडे भरून कोणासही बसता येईल असे वाहन, या अर्थाने सार्वजनिक प्रवास सुरू झाला तो रेल्वेबरोबरच. सदर्न मराठा रेल्वे कंपनीने पुणे–मिरज–लोंढा हा मीटरमापी मार्ग १८८० नंतरच्या दशकात बांधला. नीरा, वाठार, कोरेगाव, ताकारी, भिलवडी अशा क्रमाने तो मिरजेपर्यंत कृष्णेच्या पूर्वेकडील बाजूने गेला. परिणामी नदीच्या पश्चिमेकडील मोठी गावे बाजूला पडली. साताऱ्याचे स्थानक शहराबाहेर, तर कराडचे कृष्णेपलीकडे आजच्या ओगलेवाडीस झाले. इस्लामपूरला तर रेल्वे मिळालीच नाही.

या भागातील स्थानकांच्या नावांतील ‘रोड’ हा शब्द म्हणूनच लक्षात घेण्याजोगा आहे. सातारा रोड, कुंडल रोड, जत रोड अशी पाटी वाचून उतरणाऱ्या नवख्या प्रवाशाला लवकरच उमगे, की गाव अजून दूर आहे व येथून आहे तो केवळ रस्ता. रेल्वेने प्रवास संपत नसे, त्याचा कठीण भाग तेथून सुरू होई. या उरलेल्या अंतराची सोय टांग्यांनी व बैलगाड्यांनी केली. वाठार स्थानकापासून वाईमार्गे महाबळेश्वर सुमारे ६४ किमी. पडे आणि टप्प्याटप्प्यावर घोडे बदलून टपालाचे टांगे तेथे जात. स्वित्झर्लंडमध्ये १९०६ पासून टपालखात्याच्या मोटारगाड्या पत्रांबरोबर प्रवाशांनाही नेऊ लागल्या. मूळ कल्पना दोन्हीकडे एकच होती : रेल्वे जेथे थांबते तेथून टपालाबरोबर माणसानेही पुढे जावे. तेथे मात्र तिची कायम व्यवस्था झाली, आपल्याकडे ती टांगेवाल्यावर राहिली.

रेल्वेचे महत्त्व संस्थानिकांनी लवकर ओळखले. १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानने मिरज–कोल्हापूर मार्ग सुरू केला. मुख्य मार्ग सांगली शहराला टाळून बुधगावकडून थेट मिरजेस जात असल्याने सांगली संस्थानने मिरजेपर्यंतचा सुमारे ८ किमी.चा फाटा १९०७ मध्ये स्वखर्चाने घातला. हळद व गुळाच्या पेठेसाठी हा खर्च वाजवीच होता. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी मार्ग १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेस आला. त्यामुळे आटपाडी, जत व कवठेमहांकाळकडच्या दुष्काळी पट्ट्याजवळून प्रथमच आगगाडी धावली आणि कृष्णाकाठच्या वारकऱ्यांचीही सोय झाली. मुंबईस जाणाऱ्या मिरजेच्या प्रवाशाला पुण्यास गाडी बदलावी लागे व मालाचीही तेथे चढउतार होई.

रेल्वे जेथून गेली तेथे नव्या वस्त्या उभ्या राहिल्या. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी कुंडल रोड स्थानकाजवळची माळरानाची जमीन दिली. पुढे कारखान्याच्या वसाहतीचेच नाव स्थानकाला मिळाले. याच पट्ट्यात ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने रेल्वेची पगाराची गाडी लुटली. कुंडल औंध संस्थानात असल्याने ब्रिटिश पोलिसांच्या हालचालींना तेथे मर्यादा पडत. प्रवाशाला जाचक ठरणारी हद्द भूमिगतांना अशी उपयोगी पडली.

पहिल्या महायुद्धानंतर खाजगी मोटारी सुरू झाल्या. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ मध्ये खुला झाल्याने कृष्णेपलीकडील गावे पावसाळ्यातही शहराशी जोडली गेली. खाजगी मोटारी जेथे उतारू मिळत तेथेच धावत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या गॅसवरही त्या चालविल्या गेल्या.

दक्षिणेतील ही संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली आणि १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सरकारी एस.टी.ची पहिली गाडी धावली. दोन घटनांत तीन महिन्यांचेही अंतर नाही. दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा १९४९ मध्ये निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. परंतु औंधचा माणूस, मिरजेचा माणूस असे म्हणवणाऱ्यांना एका जिल्ह्याचे करण्याचे काम कचेरीने जितके केले, त्याहून एस.टी.च्या स्थानकाने अधिक केले, असे प्रस्तुत लेखकास वाटते. संध्याकाळी खेड्यात जाऊन रात्री तेथेच थांबणारी व पहाटे तालुक्याला निघणारी ‘मुक्कामी गाडी’ ही या व्यवस्थेची खरी नाडी होय. तिच्यातून शाळेची मुले, दूध, बाजारहाट करणारे आणि शहरात शिकणाऱ्या मुलांचे जेवणाचे डबे येत. गाडी चुकली तर मुलगा उपाशी राही. म्हणून आई पहाटे चारला चूल पेटवी. या डब्यांवर शिकलेल्यांची पिढी या भागात मोठी आहे.

पुणे–मिरज–कोल्हापूर मार्गाचे रुंदमापीकरण १९७१ मध्ये पूर्ण झाले. या वेळी मुख्य मार्ग सांगलीवरून वळविण्यात आला व फाट्यावरचे शहर मुख्य मार्गावर आले. तीनही मापांच्या गाड्या पाहिलेले मिरज स्थानक देशातील मोजक्या स्थानकांपैकी एक होते. २०१० मध्ये पंढरपूर–मिरज मार्ग रुंदमापी झाल्यावर अरुंदमापी गाडी तेथून गेली. स्वित्झर्लंडने १९८२ पासून गाड्या दर तासाच्या ठरावीक मिनिटाला सोडण्याची पद्धत देशभर लागू केली. तेथे आगगाडीतून उतरणाऱ्यासाठी बस उभी असते. सातारा–सांगलीत रेल्वे केंद्राकडे व एस.टी. राज्याकडे असल्याने अशी जुळणी करणारा एकच हात नाही. जत रोड ही पाटी अद्याप स्थानकावर आहे आणि तेथे उतरणाऱ्यास पुढच्या वाहनाची चौकशी करावीच लागते.