माणदेशी माणसं

माणदेशी माणसं : व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांचा व्यक्तिचित्रसंग्रह, प्रथम प्रकाशन १९४९. मराठी ग्रामीण साहित्याला नवे वळण देणारी कृती.

पार्श्वभूमी : माण व खटाव (जि. सातारा), आटपाडी (जि. सांगली) आणि सांगोला (जि. सोलापूर) हा सलग टापू माणदेश म्हणून ओळखला जातो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा दुष्काळी मुलूख. माणगंगेचे पात्रही वर्षातील बराच काळ कोरडे असते. ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती, मेंढरे आणि खिलार जनावरे यांवर गावे जगत. पाऊस हुकला की माणसे ‘जगायला’ मुलूख सोडत. आटपाडी तालुक्यातील माडगूळ हे लेखकाचे गाव पूर्वी औंध संस्थानात होते.

स्वरूप : धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली, नामा मास्तर, शिवा माळी अशी साधी माणसे येथे नावानिशी भेटतात. ‘धर्मा रामोशी’मध्ये निवेदक थकलेल्या धर्माला जुने धोतर देतो. पुढे ते धर्माच्या अंगावर दिसत नाही; त्याच्या लेकीने ते लुगड्याच्या जागी नेसलेले असते. लेखक त्यावर भाष्य करत नाही. दारिद्र्याचे आणि बापाच्या मायेचे इतके नेमके दर्शन मराठीत विरळा.

तुलना : माडगूळकर स्वतः चित्रे काढत, त्यांच्या लेखनातही रेघ मोजकी आणि ठाम आहे. या दृष्टीने हार्लेमचा डच चित्रकार आड्रियान व्हान ऑस्टाडे (१६१०–८५) आठवतो. त्याने शेतकरी जीवनावर सुमारे ५० अम्लरेखने केली. लेप दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेखाटन करून त्या रेघा आम्लाने कोरायच्या आणि शाई भरून ठसे घ्यायचे, असे हे तंत्र. त्याच्या आरंभीच्या चित्रांत गुत्ते, हाणामाऱ्या आणि थट्टेचा सूर आहे. पुढे चुलीजवळचे शांत कुटुंबजीवन आले. त्याचे शेतकरी बहुधा अनामिकच राहतात. माडगूळकरांच्या माणसाला मात्र नाव, धंदा, बोली आणि स्वाभिमान आहे.

महत्त्व : खेडे म्हणजे रम्य देखावा किंवा विनोदाचे साधन, ही समजूत या संग्रहाने मोडली. त्याच मुलखातील धनगरवस्तीवर माडगूळकरांनी लिहिलेली बनगरवाडी (१९५५) ही कादंबरी आणि तिच्यावरील अमोल पालेकर यांचा चित्रपट (१९९५) यांतही हीच दृष्टी आढळते : दुष्काळाआधी माणूस पाहावा.