जनमत कौल, गोव्यातील
(१६ जानेवारी १९६७). गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण करावे की तो केंद्रशासित प्रदेश राहावा, या प्रश्नावर घेण्यात आलेले मतदान. मराठीत ‘किंवा’ने जोडलेल्या प्रश्नाला ‘हो’ वा ‘नाही’ असे उत्तर देता येते. ‘की’ने जोडलेला प्रश्न मात्र दोहोंपैकी एकाची निवड मागतो. गोमंतकीयांपुढील प्रश्न या दुसऱ्या प्रकारचा होता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाला. डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीनंतर विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. जॅक द सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोवन्स पक्षाचा विलीनीकरणास विरोध होता. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वादही या प्रश्नाशी निगडित होता. विधानसभा निवडणुकीत अनेक प्रश्न एकत्र येत असल्याने एकाच प्रश्नावर स्वतंत्र कौल घ्यावा, अशी मागणी पुढे आली. त्यानुसार संसदेने १९६६ मध्ये कायदा केला. निःपक्षपाती मतदानासाठी बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. दमण व दीव येथील मतदारांपुढे महाराष्ट्राऐवजी गुजरातचा पर्याय होता.

गोव्यात विलीनीकरणासाठी ‘फूल’ व केंद्रशासित प्रदेशासाठी ‘दोन पाने’ ही चिन्हे होती. त्यामुळे वाचता न येणाऱ्यालाही पर्याय ओळखता येत असे. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी (सु. ८२%) मतदान केले. केंद्रशासित प्रदेशास १,७२,१९१, तर विलीनीकरणास १,३८,१७० मते मिळाली. ७,२७२ मते अवैध ठरली. अशा रीतीने ३४,०२१ मताधिक्याने विलीनीकरण फेटाळले गेले.

तथापि त्यानंतर थोड्याच काळात, १९६७ मध्येच झालेल्या विधानसभा निवडणुकीत बांदोडकरांचा पक्ष पुन्हा विजयी झाला. ज्या पक्षाला मतदारांनी सत्ता दिली, त्याचीच मुख्य मागणी त्यांनी नाकारली होती. पक्षाची निवड आणि प्रश्नाची निवड या भिन्न गोष्टी होत, हे यावरून स्पष्ट झाले. द्विपर्यायी प्रश्नाची मर्यादाही या कौलातून दिसते : स्वतंत्र घटकराज्य हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. तो ३० मे १९८७ रोजी प्रत्यक्षात आला.