लोखंडी नांगर आणि शेतकऱ्याची गरज

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या बेळगाव येथील कारखान्यात १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. परंतु पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती व ती दूर करण्यात हा काळ गेला, असे सामान्यतः सांगितले जाते. हे कारण खोटे नव्हे, पण अपुरे आहे. ही कथा विकणाऱ्याच्या बाजूने लिहिली गेली. घेणाऱ्याची साक्ष तीत नाही. दख्खनच्या लाकडी नांगरालाही फाळ लोखंडाचाच असे, आणि त्याने जमीन नासत नाही हे शेतकरी जाणत होता.

लाकडी नांगर गावचा सुतार घडवी; फाळ झिजला की लोहार तो भट्टीत तापवून, ठोकून पुन्हा नीट करी. दोघांचा मोबदला बलुत्याच्या धान्यात भागे. नव्या नांगराला रोख रक्कम हवी होती. शिवाय बिडाचा ओतीव भाग ठोकून वाढविता येत नाही, तो तडकतो. म्हणजे ऐन हंगामात फाळ निकामी झाल्यास दूरच्या कारखान्याचे तोंड पाहणे आले. ‘विष’ या शब्दाआड ही धास्तीही असावी, असा तर्क करता येतो.

गरज मात्र खरी होती. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. दरसालचा कुळव वरचा थरच हलवी. लाकडी नांगर खोल घालावयाचा तर बैलांच्या अनेक जोड्या लागत. एका घरी तेवढ्या क्वचितच असत, म्हणून इर्जिक घालावी लागे. इतके करूनही तो माती फाडी, उलथीत नसे. लोखंडी नांगर माती पालथी करून मुळे उन्हात आणी. शेतकऱ्याला लोखंड नको होते; त्याला हरळीपासून सुटका हवी होती, आणि मोडलेला भाग वेळेवर मिळण्याची हमी.

१९१० मध्ये औंध संस्थानात, रेल्वेस्थानकालगत, किर्लोस्करवाडी वसली. सुटे भाग दूरवर धाडण्याच्या दृष्टीने रेल्वेचे हे सान्निध्य गौण मानता येणार नाही. १९२० मध्ये सुरू झालेली ‘किर्लोस्कर खबर’ मूळची कारखान्याचीच पत्रिका होती. पुढे तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. वाङ्मयाच्या अभ्यासकांप्रमाणे शेतीच्या अवजारांचा इतिहास लिहिणाऱ्यानेही तिचे आरंभीचे अंक चाळावयास हवेत.