एफ/५.६ ची वेस

२००९ च्या हिवाळ्यातली गोष्ट. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर भल्या पहाटे नावेत बसलो होतो. हातात ३०० मिलिमीटर एफ/४ ची लेन्स आणि ती व कॅमेरा यांच्यामध्ये नवाकोरा दुप्पट टेलिकन्व्हर्टर. रोहित पक्ष्यांचा थवा उठला, मी बटण दाबले, पण लेन्सची मोटर जागची हललीच नाही. शेजारच्या गृहस्थांकडे तसाच कॅमेरा, तोच कन्व्हर्टर. लेन्स मात्र ३०० एफ/२.८, माझ्या लेन्सच्या कितीतरी पट महाग. त्यांचा फोकस लागत होता. नावाडी म्हणाला, "साहेब, तुमचं यंत्र झोपलंय." पुढे एका दुरुस्तीवाल्याने कॅमेरा, लेन्स, कन्व्हर्टर तिन्ही तपासून निर्दोष ठरवले. मग दोष कुणाचा? त्या प्रश्नाने मला या इतिहासाकडे वळवले.

टेलिकन्व्हर्टरचा पूर्वज जवळपास छायाचित्रणाइतकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये वूलिचच्या लष्करी अकादमीत गणित शिकवणारा पीटर बार्लो हा स्वतःच्या बळावर शिकलेला माणूस. दुर्बिणीच्या मुख्य भिंगातून येणारे किरण एकत्र मिळण्याआधी त्यांच्या वाटेत अंतर्वक्र भिंग ठेवले, तर ते अधिक लांब जाऊन मिळतात आणि प्रतिमा मोठी होते. या तत्त्वावरचे बार्लोचे भिंग १८३३ च्या सुमारास जॉर्ज डॉलंड या कारागिराने घडवले. हौशी आकाशनिरीक्षकांच्या पेटीत ते आजही 'बार्लो' याच नावाने असते. कन्व्हर्टर करतो तेच. नाभीय अंतर दुप्पट होते, पण आत आलेला प्रकाश तेवढाच राहून चौपट क्षेत्रावर पसरतो. म्हणून एफ/४ ची लेन्स एफ/८ होते, १.४ पटीच्या कन्व्हर्टरने एफ/५.६. हा निसर्गाचा हिशेब आहे, त्यात कुणाला सूट नाही.

गंमत अशी, की स्वयंचलित फोकसच्या बाल्यावस्थेत हाच कन्व्हर्टर त्याचा मदतनीस होता. १९८३ मध्ये निकॉनने 'एफ३एएफ' हा कॅमेरा आणला. त्याच्यासाठी स्वतः फोकस करणाऱ्या लेन्स दोनच होत्या, ८० आणि २०० मिलिमीटरच्या. लोकांच्या घरी होत्या त्या हाताने फिरवायच्या लेन्स. म्हणून कंपनीने सोबत 'टीसी-१६' हा १.६ पटीचा कन्व्हर्टर दिला. त्याच्या आतली भिंगेच पुढे-मागे सरकून फोकस साधत. जुन्या लेन्सला त्याने नवी नजर दिली. पेंटॅक्सनेही पुढे १.७ पटीचा असाच जोड काढला. मग वैर कधी सुरू झाले?

१९८५ मध्ये मिनोल्टाचा '७०००' बाजारात आला आणि स्वयंचलित फोकस घरोघर पोचला. या पिढीच्या कॅमेऱ्यांत मुख्य आरशातून झिरपलेला थोडा प्रकाश दुसऱ्या छोट्या आरशावरून कॅमेऱ्याच्या तळाशी जातो. तिथला संवेदक लेन्सच्या दोन कडांकडून आलेल्या प्रतिमा ताडून पाहतो, जसे आपले दोन डोळे अंतर जोखतात. दोन खिडक्या जितक्या लांब, तितका अंदाज अचूक. पण लेन्सचे छिद्र लहान झाले, की कडेच्या खिडक्या अंधारतात. अभियंत्यांना अचूकता हवी होती, आणि बाजारातल्या साध्या झूम लेन्सही चालवायच्या होत्या. त्यांपैकी बऱ्याच लांबच्या टोकाला एफ/५.६ च्या असतात. म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत खिडक्या एफ/५.६ च्या आत बसवल्या गेल्या. तीच वेस झाली. शेजाऱ्यांची लेन्स कन्व्हर्टर लावून एफ/५.६ वर थांबली आणि आत राहिली. माझी एफ/८ होऊन बाहेर पडली.

कन्व्हर्टरने फोकस मंदावतो, ही दुसरी तक्रार. कॅननने स्वतःच सांगितले आहे, की १.४ पटीच्या जोडाने त्यांच्या लेन्सचा फोकसचा वेग ५० टक्के आणि दुपटीच्या जोडाने ७५ टक्के कमी केला जातो. हे आकडे मला बराच काळ कंजूषपणाचे वाटत. मग कागदावर मांडले. मूळ लेन्सचा फोकस जरासा चुकला, तर कन्व्हर्टरमागे ती चूक वाढपटीच्या वर्गाने मोठी होते. १.४ चा वर्ग जवळपास २, दोनाचा ४. वेग निम्मा आणि पाव, हे त्याच प्रमाणात! मोठ्या झालेल्या चुकीला आवर घालायचा, तर पावले लहानच टाकायला हवीत.

वेस मात्र हलली. कॅननच्या २००० सालच्या 'ईओएस-१व्ही'सारख्या वरच्या श्रेणीच्या कॅमेऱ्यांत मधला बिंदू एफ/८ वरही चाले. २०१२ च्या निकॉन 'डी४' मध्ये असे ११ बिंदू होते. त्याच वर्षी कॅननने 'ईओएस-१डी एक्स'च्या मालकांना नवी आज्ञावली देऊन एफ/८ उघडून दिले. पुढे आरसाच गेला. फोकसचे काम मुख्य संवेदकावर आले आणि तळाशी ठरावीक जागी बसवलेल्या खिडक्यांची अट संपली. २०२० मध्ये कॅननने ६०० आणि ८०० मिलिमीटरच्या, एफ/११ च्या, तुलनेने स्वस्त लेन्स काढल्या. दुप्पट कन्व्हर्टर लावून त्या एफ/२२ होतात, तरी फोकस करतात.

कन्व्हर्टर हा ज्याला लांब लेन्स परवडत नाही त्याचा आधार. त्याला तीस वर्षे सांगितले गेले, की प्रकाश कमी म्हणून फोकस लागत नाही. ते अर्धेच खरे होते. अंधूक उजेडात संवेदकाला त्रास होतो, हे मान्य, पण एफ/२.८ ची लेन्स पहाटेच्या मिणमिणत्या उजेडातही फोकस करते आणि एफ/८ ची भर दुपारी अडते, तेव्हा आड येते ती प्रकाशाची टंचाई नसते. स्टॉपचा तोटा निसर्गाचा, वेस माणसांनी आखलेली, आणि विचारपूर्वक आखलेली.

तो कन्व्हर्टर अजून माझ्या कपाटात आहे. त्या पहाटे यंत्र झोपलेले नव्हते. त्याची खिडकीच माझ्या लेन्सच्या कडेबाहेर उघडत होती. हे त्या नावाड्याला एकदा सांगायचे राहिले आहे.