यंत्रावरचे फूल

कर्मचाऱ्यांचे मनोधैर्य वाढावे आणि त्यांच्यात परस्पर आपुलकी निर्माण व्हावी म्हणून कार्यालयांतून फुलांच्या कार्यशाळा भरवण्याची प्रथा अलीकडे रूढ होत आहे. कोणी पुष्परचना शिकवते, कोणी फुलांची रांगोळी घालून घेते. शेवटी सर्वांचे एकत्र छायाचित्र निघते. आमच्या महाविद्यालयातही एकदा असे परिपत्रक फिरले. फुले सुंदर होती, आणि एरवी केवळ मान हलवून पुढे जाणारे आम्ही काही जण त्या दुपारी एकमेकांशी मोकळेपणाने बोललो, हे मान्य केले पाहिजे. मात्र परिपत्रकात 'उपस्थिती अनिवार्य' असे शब्द होते. फुलांच्या शेजारी ते खटकले. त्या खटकण्याचे कारण शोधताना कामाच्या जागी आलेल्या फुलांचा इतिहास आम्ही चाळू लागलो.

मालकाने कामगारांसाठी विचारपूर्वक फुले लावल्याचे ठळक उदाहरण इंग्लंडात सापडते. बर्मिंगहॅमच्या कॅडबरी बंधूंनी 1879 साली आपला कारखाना शहरातल्या कोंदट वस्तीतून बाहेरच्या मोकळ्या जागेत हलवला आणि त्या जागेला बोर्नव्हिल हे नाव दिले. 1895 पासून जॉर्ज कॅडबरी यांनी शेजारी वसाहत उभारायला आरंभ केला. घराने भूखंडाच्या चतुर्थांशाहून अधिक जागा व्यापू नये, उरलेल्या जागेत बाग असावी, असा तेथील दंडक होता. 'बागेतला कारखाना' अशी बोर्नव्हिलची ख्याती झाली. ती पोकळ नव्हती. बर्मिंगहॅम शहराच्या तुलनेत तेथील बालमृत्यूंचे प्रमाण खरोखरच कमी होते. एडवर्ड कॅडबरी यांनी 1912 च्या आपल्या ग्रंथात कामगारांचे हित आणि कारखान्याची कार्यक्षमता ही एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत, अशी मांडणी केली. आजच्या कार्यशाळांमागचा विचार याहून फारसा वेगळा नाही.

या बागेला कुंपणही होते. विवाह होताच स्त्री-कामगाराला नोकरी सोडावी लागे. निरोप देताना तिच्या हाती बायबल आणि कार्नेशनचे फूल ठेवले जाई. दुसरीकडे, या कारखान्यात येणारा पुष्कळसा कोको साओ टोमे बेटावरच्या सक्तीच्या मजुरीतून पिकलेला होता; तेथील खरेदी कंपनीने 1909 साली थांबवली. मालकाची सद्भावना खोटी होती, असे आम्हांला म्हणायचे नाही. फूल कोणाला द्यायचे, केव्हा द्यायचे आणि त्याचा अर्थ काय, हे ठरवण्याचा अधिकार मात्र एकाच बाजूला होता.

दुसऱ्या बाजूने फूल मागितले गेले ते अमेरिकेत. 1912 च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स येथील कापडगिरण्यांत संप झाला. नव्या कायद्याने कामाचे तास आठवड्याला 56 वरून 54 झाले, मालकांनी त्या प्रमाणात मजुरी कापली आणि वीस हजारांहून अधिक कामगार बाहेर पडले. त्यांत अनेक देशांतून आलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. मार्चमध्ये मजुरी वाढवून घेऊनच तो मिटला. हा लढा आज 'भाकरी आणि गुलाब' या नावाने ओळखला जातो. साहित्याच्या अभ्यासकांनी येथे थोडे थांबावे. या शीर्षकाची जेम्स ओपनहाइम यांची कविता संपाच्या आधी, डिसेंबर 1911 मध्येच प्रसिद्ध झाली होती. संपकऱ्यांच्या फलकांवर ही घोषणा होती, याला समकालीन पुरावा मिळत नाही. अप्टन सिंक्लेअर यांच्या 1915 च्या संकलनानंतर कविता आणि संप यांची सांगड पक्की झाली. तरीही ती लोकांना पटली, कारण तिच्यातला क्रम योग्य होता. येथे गुलाब भाकरीच्या जागी देऊ केलेला नाही. तो भाकरीच्या सोबत, हक्क म्हणून मागितलेला आहे.

आपल्याकडे गिरणगावात तिसरेच चित्र दिसते. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पुढे कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी आपल्यासोबत खंडेनवमी-दसऱ्याची रीत आणली. गावी नांगर-कोयत्याची पूजा करणारे हात येथे विलायती साच्यांना झेंडूच्या माळा घालू लागले. यंत्र लँकेशायरचे, फूल मूळचे मेक्सिकोचे, आणि पूजा करणारा रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा! वर्षभर ज्या यंत्राच्या वेगाशी शरीर जुळवून घ्यावे लागे, ते त्या दिवशी थांबे आणि कामगार त्याला आपल्या पद्धतीने आपले म्हणत असे. मनोधैर्य वाढवण्याचा हेतू यात कोणी घोषित केला नव्हता. ते वाढले असेल, तर या आपलेपणातून.

परंतु या माळेचे गोडवे गातानाही सावध राहिले पाहिजे. साचेखात्यात मजुरी अधिक मिळे आणि तेथेच अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्यामुळे विटाळ होतो, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे. 1928 च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मज्जाव उठवण्याची मागणी लावून धरली. म्हणजे साच्यावर झेंडू चढत होता तेव्हा त्या साच्यापाशी कोणी उभे राहायचे, हे जात ठरवत होती. सण एकत्र आणतो हे खरे. कोणाला एकत्र आणतो, हे विचारावेच लागते.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतले असंख्य पुन्हा कामावर परतले नाहीत. गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेची कार्यालये उभी राहिली. दसऱ्याला तेथील संगणकांवरही झेंडूचे फूल दिसते. रीत टिकली, पण ज्या नोकरीच्या भरवशावर गिरणी कामगाराने यंत्राला आपले म्हटले, तो भरवसा सर्वांना उरलेला नाही.

म्हणून फुलांच्या कार्यशाळेला आमचा विरोध नाही. बोर्नव्हिलची बाग, लॉरेन्सशी जोडला गेलेला गुलाब आणि गिरणगावातली माळ यांतून आम्ही एवढेच शिकलो, की फुलाने जोडलेले नाते फुलाबाहेरच्या व्यवहारावर टिकते. आमच्या त्या अनिवार्य दुपारी तासिका तत्त्वावर शिकवणारे सहकारीही उपस्थित होते. त्या वेळेचे मानधन त्यांना मिळाले नाही. ग्रंथालयातल्या कंत्राटी सेवकांना तर बोलावणेच नव्हते. आणि दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कोणतेही परिपत्रक निघालेले नसताना, पुस्तकांच्या कपाटांना झेंडूच्या माळा बांधतात ते हेच सेवक. पुढच्या कार्यशाळेचे परिपत्रक येईल तेव्हा सही करण्यापूर्वी या दोन गोष्टी लेखी विचारायच्या, असे आम्ही ठरवले आहे.