आधी तेल, मग न्हाणं

‘शाम्पू’ हा शब्द मुळात धुण्याचा नव्हेच. चेपणे, दाबणे या अर्थाच्या हिंदी ‘चाँपना’ या क्रियापदावरून तो इंग्रजीत गेला. आपली डोक्याची चंपी त्याच घराण्यातली. पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या दीन महंमद यांनी इंग्लंडात ब्रायटनला वाफेच्या स्नानगृहात अंग रगडून देण्याचा धंदा मांडला, १८२२ साली ‘शाम्पूइंग’ याच नावाने पुस्तक काढले आणि राजदरबारी मान मिळवला. डोके धुण्याचा अर्थ या शब्दाला पुढे चिकटला. तेल चोळून मुरवायचे आणि मग ते धुऊन काढायचे, ही आपल्याकडे एकाच कामाची दोन अंगे होती. बाटलीवर नाव आले ते पहिल्याचे, आत माल दुसऱ्याचा. कोरड्या, सरळ केसांची आजची रड, म्हणजे तेल लावले तर चपटे आणि न लावले तर राठ, या फारकतीतून आली आहे, असे मला वाटते. जुन्या रिवाजाचे शहाणपण खोबरेलात नव्हते की शिकेकाईत नव्हते. ते दोहोंच्या क्रमात होते.

हा क्रम जुना आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातल्या दिनचर्येत अभ्यंग आधी येतो, मग उटणे, मग स्नान. कढत पाणी अंगाला बळ देते पण डोक्यावर घेतल्यास केसांना आणि डोळ्यांना बाधते, असेही तिथे बजावले आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे आपण आजही हाच क्रम पाळतो. सरळ केसाला त्याची गरज जास्त. कुरळ्या केसाच्या वळणावर टाळूचा स्निग्धांश अडतो, सरळ केसावरून तो सहज घसरत येतो. त्यामुळे मुळाशी केस लवकर तेलकट दिसतात, आणि लांब केसांची टोके मात्र जुनी, झिजलेली, कोरडीच असतात. अशा केसाला तेल हवे ते आत मुरलेले. वर साचलेले नको. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेलाने केसातल्या प्रथिनांची झीज कमी झाल्याचे आढळले. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसे झाले नाही. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीचेच होते, तेव्हा शंका घेणे रास्तच. पण त्यांनी दिलेले कारण पटण्याजोगे आहे: खोबरेलात मुख्यत्वे असणाऱ्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ साखळीचे असल्याने ते केसात शिरतात. आत शिरलेले तेल आपले काम करते. बाहेर उरलेले धुऊन टाकता येते.

ते धुणारे द्रव्यही मापातले होते. शिकेकाईच्या शेंगा कडक उन्हात खडखडीत वाळवायच्या, कुटायच्या, त्यात आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी, संत्र्याची साल घालायची. रिठ्याचे टरफल रात्री भिजवले की सकाळी कुस्करताच फेस येतो. दोन्हींतले फेसाळ द्रव्य सॅपोनिन. त्याने वरचे तेल सुटते, आणि काढा किंचित आंबट असल्याने केसावरचे खवले मिटून राहतात. नुसत्या रिठ्याने केस राठ होतात, हे बायकांना पक्के ठाऊक होते; म्हणून भिजवलेली मेथी किंवा जास्वंदीची पाने त्यात वाटली जात. त्यांचा बुळबुळीतपणा तेलाचा नव्हे, पाण्यात विरघळणारा. गुंता सुटतो आणि मागे भार राहत नाही. भुकटी थेट चोळली तर कण केसात अडकतात, म्हणून काढा गाळून घ्यायचा.

यावर कोणी म्हणेल, जुन्या बायका तर रोज तेल लावून वेणी घालत. हलक्या केसांची हौस त्यांना होती कुठे? आक्षेप खरा आहे. चापूनचोपून घातलेल्या वेणीत किंवा अंबाड्यात तेलाचा भार हा दोष नव्हता, उलट बट जागची हलू नये हाच हेतू. केस जड वाटण्याची तक्रार मोकळ्या केसांबरोबर आली. पण त्यातून एवढेच ठरते की रोजची तेलफणी आणि न्हाण्याआधीचे तेल हे दोन वेगळे रिवाज होते. पहिला वेणीसाठी, दुसरा केसासाठी. वेणी गेली, तेव्हा पहिल्याबरोबर दुसराही टाकायचे कारण नव्हते. शिवाय ही निगा सगळ्यांच्या वाट्याला आली नाही. केशवपन लादलेल्या विधवांना तर ती नाकारलीच गेली. रिवाजाची तांत्रिक बाजू घेताना त्याचा समाज घेण्याची गरज नाही.

क्रम मोडला तो साबणाने. १८८८ साली लीव्हर कंपनीच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्ता बंदरात उतरल्या, आणि हळूहळू वडीचा साबण अंगावरून डोक्यावर चढला. साबण अल्कधर्मी, विहिरीच्या जड पाण्यात त्याचा चिकट साका होऊन केसावर बसतो. १९३०च्या दशकात आलेल्या कृत्रिम शाम्पूने हा साका टळला, पण तो जोरकस निघाला. त्याने काढलेली स्निग्धता भरून द्यायला धुतल्यावर कंडिशनर आला. जे आधी करायचे ते नंतर होऊ लागले, आणि नंतर लावलेले धुतले जात नाही, निदान पुरते जात नाही.

शिकेकाईकडे परत चला, असा याचा अर्थ नव्हे. ती कुटायला वेळ लागतो, डोळ्यांत गेली तर झोंबते, आणि सौम्य शाम्पू तिचे काम करू शकतो. क्रम मात्र आजही फुकट पाळता येतो: न्हाण्याआधी तासभर चमचाभर खोबरेल, भर टोकांवर, मग कोमट पाणी आणि मुळाशी सौम्य फेस. तेल लावायचे ते धुऊन टाकण्यासाठीच.